बिनवासाचं पाणी

“वास गेला का पाणी भरजो नोको, बाई,” असं बकाराम वलथरेंनी प्रणिताला बजावलं, तेव्हा तिला लग्न होऊन आमगट्ट्यात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

पंपघराच्या नळाखाली पाण्याचा गुंड लावून ती ओढणीने नाक दाबून उभी होती. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. फार नाही, पण चहात उतरेल एवढा. बकाराम पंपघराच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. जातीने ढिवर, उभं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलेलं, आणि म्हातारपणी ग्रामपंचायतीने बोअरच्या राखणीला ठेवलेले.

“काका, उलटं सांगून राहिले तुम्ही,” प्रणिता म्हणाली. “वास आला की पिऊ नये म्हणतात.”

“ते बाकीच्या गावाले. आपल्या गावाचं पाणी उलटंच आहे.”

प्रणिता तुमसरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिला हसू आलं. रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला, धीरजला सांगितलं, “तुमच्या गावात पाण्याला वास येत नसेल तर तक्रार करायची असते म्हणे.” सासू देवकाबाईही हसल्या. पाहुणे आले की ही थट्टा पुन्हा निघायची. तीन वर्षं चालली. नंतर त्या घरात ती कुणी केली नाही.

बकारामांचं म्हणणं खुळचट नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते कारण गावाखाली दोनशे फुटांवर होतं.

आमगट्ट्याच्या खाली ग्रॅनाइट आहे, आणि त्या ग्रॅनाइटमध्ये कणाकणाने युरेनियम आहे. जिथे हवा पोचत नाही तिथे युरेनियम दगडासारखाच वागतो, पाण्यात उतरत नाही. असा तो कोट्यवधी वर्षं गुमान पडून होता. मग उन्हाळी धानासाठी बोअर खोल खोल गेले. पाण्याची पातळी उतरली तशी रिकाम्या झालेल्या भेगांत हवा शिरली, आणि धानाच्या बांध्यांत टाकलेल्या युरियाचं नायट्रेट झिरपत खाली आलं. या दोघांनी युरेनियमच्या अणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले की त्याचा युरेनिल होतो, आणि तो पाण्यात उतरतो. एकटा युरेनिल फार लांब जात नाही, वाटेतल्या चिकणमातीला चिकटून बसतो. पण इथलं पाणी जड, चुन्याचं. त्यात त्याला हात धरायला तीन कार्बोनेट मिळतात, मागून दोन कॅल्शियम येतात, आणि या सगळ्या वऱ्हाडाचा मिळून विद्युतभार होतो शून्य. अशा वऱ्हाडाला माती अडवत नाही. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळा, तुरटी फिरवा, ते जागचं हलत नाही.

गावात आधी पाणी गाळायचं मशीन बसवलं होतं. ते युरेनियम चांगलं गाळायचं, पण गाळून उरलेलं कडक पाणी मागच्या नालीत सोडायचं आणि नाली ते पुन्हा जमिनीच्या पोटात घालायची. दोन वर्षांत बोअरचा आकडा दुप्पट झाला आणि मशीनला कुलूप लागलं.

त्यानंतर एका प्रयोगशाळेतली तरुण मंडळी नवीच युक्ती घेऊन आली. याच दगडाच्या भेगांत काही जिवाणू राहतात, त्यांना श्वासाला ऑक्सिजन लागत नाही. ते लोखंडावर श्वास घेतात, आणि जवळ आलाच तर युरेनियमवरही. त्यांना पोटभर खायला घातलं की अन्नातले इलेक्ट्रॉन ते युरेनियमला परत देऊन टाकतात. मग युरेनियम पुन्हा दगड होतो आणि भेगेच्या भिंतीला काळ्या साईसारखा बसून राहतो. खाऊ म्हणून ठरली काकवी. पिण्याच्या बोअरपासून पन्नास फुटांवर दुसरा बोअर मारला, आणि दर सोमवारी बकाराम त्यात बादलीभर पातळ काकवी सोडू लागले.

“काय बकारामभाऊ, बोअरचा उपास सोडला का?” येणारेजाणारे विचारत.

“सोडला. तुह्यासारखे उपाशीपोटी गप्पा हाणत नाई माह्ये गडी.”

पिण्याच्या पाण्यातला युरेनियम लिटरमागे तीस मायक्रोग्रॅमच्या आत असावा असं मानतात. आमगट्ट्याचा आकडा एकशे चाळीसवरून आठवर आला आणि नऊ वर्षं तिथेच राहिला. वास होता तो या जिवाणूंच्या भाऊबंदांचा. ते पाण्यातल्या गंधकावर श्वास घेत आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडत. वास येतो याचा अर्थ खाली हवा नाही, दगड दगडच आहे. पंपघराच्या भिंतीवर प्रयोगशाळेने एक वाक्य रंगवून दिलं होतं, ‘ब्लीचिंग पावडर फक्त वरच्या टाकीत. बोअरमध्ये कधीही नाही.’ पुढे त्याच भिंतीवर स्वच्छतेची घोषणा रंगवायची होती म्हणून चुना मारला गेला. बकारामांना वाचता येत नव्हतं. पण तलावाचा गाळ ढवळून त्यांचा जन्म गेला होता, त्यांना वासाचं गणित नाकाने समजत होतं.

*

प्रणिताची रेवा आणि गावातल्याच सगुणा सलामेची फुली चार दिवसांच्या अंतराने जन्मल्या. ग्रामीण रुग्णालयात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. प्रणिताला पहिले आठ दिवस दूध उतरलं नाही. पोर रडून रडून निळी पडायची. तेव्हा सगुणाने हात पुढे केला आणि रेवाला छातीशी घेतलं. “दोघी पितीन. एक इकडून, एक तिकडून,” एवढंच म्हणाली. देवकाबाईंनी जरा नाक मुरडलं, सलामे आपल्या ताटावरचे नव्हते. पण पोर शांत झाली आणि त्यांचंही नाक सरळ झालं.

रेवा सात महिन्यांची झाली आणि शेजारच्या गावात हगवणीची साथ आली. दोन लेकरं दगावली. त्याच आठवड्यात रेवालाही पातळ शी होऊ लागली. प्रणिता मुळातच जपणारी बाई. पोरीचा ताप, शी, दूध, झोप, सगळं ती वहीत लिहून ठेवायची. आता ती दर तासाला पोरीच्या टाळूवर हात ठेवून बघू लागली.

त्यातच आरोग्यसेविका पाणी तपासायला आली. परीक्षानळीत पाणी घेऊन तिने औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर ते पिवळं होतं. आमगट्ट्याचं पाणी नेहमीसारखंच बिनरंगाचं राहिलं, कारण टाकीत टाकलेलं क्लोरीन त्या वासाशी आणि पाण्यातल्या लोखंडाशी झटापट करण्यातच संपून जायचं. साथीचे दिवस म्हणून सेविकेने गावाला असुरक्षित पाण्याचं लाल कार्ड दिलं.

लाल कार्ड पाहून प्रणिताने फोन काढला. तिने फोनमधल्या सल्लागाराला विचारलं, “पिण्याच्या बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर कशी आणि किती टाकायची?” अलीकडे गावात सगळेच फोनला विचारत, खतापासून पत्रिकेपर्यंत. त्याने नीट, पायरीपायरीने सांगितलं. उत्तर बरोबर होतं. आपला बोअर काकवीचा आहे हे तिने सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानेही त्यावर काही म्हटलं नाही.

ग्रामसभेत तिने अर्ज वाचून दाखवला. दोन्ही बोअर एकदा पावडर टाकून स्वच्छ करावेत, लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे. बायकांनी माना डोलावल्या. बकाराम मागे उकिडवे बसले होते, ते उठले.

“वरती घाला लागते तेवढी. खाली नोको. खाली माह्ये गडी आहेत.”

“हजेरीपटावर नाव आहे का त्याईचं?” कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली.

“काका,” प्रणिता समजुतीच्या सुरात म्हणाली, “जिवाणू पुन्हा वाढतील. काकवी टाकली की येतील परत. पण साथ घरात शिरली तर लेकरू परत येणार नाही.”

“तू शिकलेली आहे, बाई. मी तं नाकाने सांगून राह्यलो.” आणि ते बसले. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. बकाराम सोडून सगळ्यांचे हात वर झाले. सगुणाचाही झाला, प्रणिताकडे बघून.

पावडरीचा हिशेब प्रणितानेच केला. बोअरची खोली, व्यास, आतलं पाणी. वहीत तीनदा तपासला. हिशेबात चूक नव्हती.

*

चौथ्या दिवशी वास गेला.

दोन दिवस पाणी तांबूस आलं, ते सोडून दिलं, आणि मग नळाला आलं ते काचेसारखं. परीक्षानळी पिवळी झाली. लाल कार्डाच्या जागी हिरवं आलं. बायका एकमेकींना ओंजळीने पाणी पाजू लागल्या. देवकाबाईंनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “एवढ्या वर्सांनी चहा चहासारखा लागला, बाप्पा. सून आणली तं अशी.” रेवाची पातळ शी थांबली. सरपंचांनी चौकात प्रणिताचं नाव घेतलं.

जमिनीखाली मात्र नऊ वर्षांची साई विरघळत होती. क्लोरीनने आधी जिवाणू मारले, मग दगड झालेल्या युरेनियमकडून तेच दोन इलेक्ट्रॉन पुन्हा काढून घेतले. क्लोरीन आठवड्यात संपलं. पण श्वासाला हवा लागणार नाही असं खाली कुणी उरलं नव्हतं, आणि वरून हवा व नायट्रेट येतच होते. आणि हा युरेनियम सगळ्या शिवारात पसरलेला नव्हता, तो नेमका पिण्याच्या बोअरभोवती गोळा करून ठेवलेला होता.

बकारामांनी सोमवारची काकवी बंद केली. सरपंच रागावले तर म्हणाले, “मेलेल्याले कोणी जेवाले वाढते का?” ते स्वतः गावाबाहेरच्या बोडीचं, लहानशा तळ्याचं, पाणी आणून उकळून पिऊ लागले. लोक म्हणाले, म्हातारा रुसला.

एकदा ते प्रणिताच्या दारात आले. पंपघरात पाण्याची स्थिती दाखवणारं एक घड्याळ होतं, खाली हवा नसली की त्याचा काटा डावीकडे राहायचा.

“काटा उजवीकडे गेला, बाई. पंधरा दिवस झाले, वापस नाई आला.”

“क्लोरीनने तसं होतं, काका. आणि ते यंत्र जुनंही झालंय. तिमाही नमुना डिसेंबरात जाईलच की प्रयोगशाळेत.”

“डिसेंबर लंबा आहे.”

“तुम्ही चहा घ्या.”

“कोणत्या पाण्याचा?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. प्रणिताला त्यांचा राग आला. तिच्याकडे त्यांच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर होतं, आणि ती प्रत्येक वेळी ते देत आली होती.

*

दिवाळी झाली आणि सगुणा व तिचा नवरा डुलीचंद वीटभट्टीवर निघाले. टायफॉइडनंतर सगुणाचं दूध आटलं होतं, फुली पावडरीच्या दुधावर आणि पेजेवर होती. नऊ महिन्यांची, दोन दात आलेली, कुणीही घेतलं तरी जाणारी पोर.

आपल्याकडे माणूस परगावी आजारी पडला की आपण डॉक्टरच्या आधी म्हणतो, तिथलं पाणी लागलं. प्रणितानेही तेच धरलं. वीस वीस लिटरच्या चार कॅन तिने पंपघरावर स्वतः धुऊन भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवल्या.

“ताई, एवढं पाणी कायले वं?” सगुणा हसत होती. “भट्टीवर पाणी नसते का?”

“तुम्ही प्या तिथलं. फुलीला मात्र हेच द्यायचं. दूध ह्यात, पेज ह्यात. बाहेरचं पाणी लागतं लेकरांना.”

“पाह्य वं फुले, साहेबाची पोर झाली तू. घरून पाणी घेऊन जाते.”

“थट्टा नको करू. शपथ घे माझी.”

“घेतली, बाप्पा. एक थेंब दुसऱ्याले नाई देत.” सगुणाने रेवाचा गालगुच्चा घेतला, “दूधबहिणीले भूलजो नोको,” म्हणाली आणि ट्रॉलीत कॅनना टेकून बसली.

*

रेवाला तहान लागू लागली ती डिसेंबरच्या सुरुवातीला. आधी कौतुक वाटलं, पोर वाटीने पाणी मागते. मग ती झोपेतून उठून मागू लागली. लंगोट दिवसाला वीस वीस. अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावरची रेघ दोन महिने आडवी गेली होती. आशाताईने लघवीत पट्टी बुडवली, साखर निघाली. बोट टोचून रक्त तपासलं तर रक्तात साखर अगदी योग्य. आशाताई म्हणाली पट्टी खराब असेल. प्रणिताने तीन वेगवेगळ्या डब्यांतल्या पट्ट्या बुडवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन जिल्ह्याच्या गावी डॉ. मुनघाट्यांकडे गेली. ते लहान मुलांचे डॉक्टर, वयस्क, सावकाश बोलणारे.

त्यांनी वही पूर्ण वाचली. “नोंदी छान ठेवल्या तुम्ही. गाव कोणतं?”

“आमगट्टा.”

“म्हणजे काकवीचा बोअर.” त्यांनी पान उलटलं. “वास येतो ना अजून पाण्याला?”

“नाही. आता येत नाही.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “केव्हापासून?”

प्रणिताने तारीख सांगितली. तिला ती पाठ होती. पुढचं विचारायची गरज त्यांना पडली नाही, तिनेच सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला कॉलेजातला तो धडा आठवत गेला, ऑक्सिडीकरण आणि क्षपण, त्यात तिला चांगले मार्क होते.

“लोक युरेनियम म्हटलं की किरणांना भितात,” डॉक्टर म्हणाले. “इथे किरणांचा प्रश्न दुय्यम. हे शिशासारखं विष आहे. रक्तात असतं तोवर कार्बोनेट त्याला धरून असतं. किडनीच्या बारीक नळ्यांत शरीर ते कार्बोनेट परत ओढून घेतं, कारण शरीराला ते हवं असतं. हात सुटतो. सुटलेला युरेनिल नळीच्या भिंतीला चिकटतो आणि ती भिंत मरते. मग साखर, फॉस्फेट, सगळं वाहून जातं. पोर पाणी मागत राहते, आणि मागेल तेवढं आपण तेच पाणी देतो.”

“भरून येईल?”

“पाणी आजपासून बंद केलं तर बरंच येईल. लहान आहे. चालू राहिलं तर किडनी जाईल, हाडं वाकतील.” त्यांनी औषध लिहिलं. खायच्या सोड्याच्या, म्हणजे बायकार्बोनेटच्या, मोजून केलेल्या पुड्या होत्या. ज्या बायकार्बोनेटने युरेनियमला दगडातून बाहेर काढलं, तेच आता त्याला पोरीच्या अंगातून बाहेर काढणार होतं.

पाण्याचा अहवाल दोन दिवसांनी आला. तीसच्या जागी नऊशे बारा.

*

ग्रामसभा पुन्हा भरली तेव्हा प्रणिता उभी राहिली आणि म्हणाली, “हे मी केलं. बकारामकाकांनी तीनदा सांगितलं होतं.”

घरी आल्यावर धीरज म्हणाला, “सांगायची गरज नव्हती. हात सगळ्या गावाने वर केले होते.”

“हिशेब माझा होता.”

“आता लोक पोरीकडे बघून काय काय बोलतीन, ते ऐकत बस.” तो भात मिलमध्ये कामाला निघून गेला आणि तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. देवकाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. चुलीजवळ बसून एकदाच म्हणाल्या, “एवढी काळजी नसती केली, तं बरं झालं असतं, बाई.” 

बकारामांनी काहीच ऐकवलं नाही. ते काकवीचं पिंप खळखळून धूत होते. “बसतीन पुन्हा,” ते म्हणाले. “पण नवे गडी राहतीन. त्याईले दगड धराले वर्स लागते. तोपर्यंत टँकर.” मग पिंप उपडं करून, “तुह्या पोरीचं कसं आहे?”

“लघवीतली साखर कमी होतेय.”

“मंग दुसऱ्याच्या पोरी पाह्य.”

ती तेच करत होती. तीन वर्षांखालची गावात एकेचाळीस लेकरं. प्रणिताने आशाताईबरोबर दारोदार जाऊन नमुने गोळा केले. कुणी दारात उभं केलं नाही, कुणी पोर तिच्या हातात देऊन ढसाढसा रडलं. एका म्हातारीने तिच्यादेखत उंबऱ्यावर पाणी ओतलं. चाळीस तपासली. बहुतेक एक तर अजून आईच्या दुधावर होती नाही तर अंगाने जरा मोठी, त्यांचं थोडक्यात निभावलं. रेवा धरून सहा जणांना पुड्या सुरू झाल्या.

एकेचाळिसावी फुली. ती एकटीच पूर्णपणे पावडरीच्या दुधावर होती. तिच्या पोटात जाणारा प्रत्येक घोट त्या पाण्यातला होता, आणि भट्टीवर गेल्यावरही तिचा हा विषाचा वाटा बिनभेसळच राहणार होता, कारण आईने शपथ घेतली होती.

डुलीचंदचा फोन बंद. ठेकेदार म्हणाला, ते लोक एका जागी टिकत नाहीत. धीरजनेच एका सकाळी मोटारसायकल बाहेर काढली आणि म्हणाला, “चल.” सहा दिवस ते दोघं भट्ट्या हिंडले. मौद्याकडच्या, कन्हानकडच्या. धूर, लाल धूळ, पत्र्याच्या झोपड्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, आमगट्ट्याची सगुणा इथे आहे का.

अकराव्या भट्टीवर एक बाई विटा उलटवायची थांबली. “होती. नवरा-बायको, एक पोर. गेले महिन्याखाली. तेलंगणाकडं गेले म्हणतात, मालक कोणता ते माहीत नाही.”

“पोर कशी होती?”

“किरकिरी नव्हती. पाणी लई प्यायची.” तिने झोपडीमागे बोट दाखवलं. तिथे एक निळी कॅन पडली होती, रिकामी. “बाकीच्या घेऊन गेली बाई. आम्ही म्हटलं, एवढं ओझं कशाला नेतेस. तर म्हणे, पोरीचं पाणी आहे. तिचा नवरा एकदा प्यायला गेला, तर हातातून ग्लास ओढून घेतला तिनं.”

प्रणिता कॅनजवळ बसली. एक कॅन रिकामी व्हायला किती दिवस लागले असतील, तीन कॅन किती दिवस पुरतील, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. उत्तर आलं, फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. धीरज तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. 

घरी परतल्यावर तिने एक पत्रक लिहिलं. मराठीत, आणि ओळखीच्या एका मास्तरांकडून तेलुगूत करून घेऊन. ते एसटी स्टँडवर लागलं, भट्ट्यांच्या ठेकेदारांच्या ग्रुपवर गेलं, आणि आता तुमच्यापर्यंत आलं आहे. त्यात तिने असं लिहिलंय:

‘तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल, मिरची तोडणाऱ्यांचा तळ असेल, रस्त्याच्या कामावरची पालं असतील, तर कृपा करून एकदा तिथे जा. सगुणा डुलीचंद सलामे अशी एक बाई आहे, सावळी, हनुवटीवर उजवीकडे गोंदण. तिची मुलगी फुली वर्षाची होत आली आहे. त्यांच्याजवळ पाण्याच्या निळ्या कॅन असतील. त्या ओतून द्या. सगुणा ओतू देणार नाही, भांडेल. तिला सांगा, प्रणितानेच सांगितलंय, शपथ सुटली. तिथलं कुठलंही पाणी पोरीला चालेल. मग पोरीला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि लघवी तपासायला सांगा. लांबून बघून परत येऊ नका. ती रडताना दिसणार नाही. तिला तहान लागते, आणि आई तिला लगेच पाणी देते.’